काळोखातले सिनेमे : भाग ९
मागच्या सीटवर आपण

गेल्या भागातल्या 'डबल इन्डेम्निटी'मधल्या विमा एजंटाने खून केला तो सगळा हिशेब मांडून. आजच्या जोडप्याला हिशेब ठाऊकच नाही. जोसेफ एच. लुइस या दिग्दर्शकाचा 'गन क्रेझी' (१९५०) हा कमी पैशांत उरकलेला, नावाजलेला एकही नट नसलेला सिनेमा. मॅकिन्ले कँटर यांची मूळ कथा १९४० साली 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'मध्ये आली होती.

बार्टला लहानपणापासून बंदुकीचं वेड. पण कोवळ्या वयात त्याच्या छर्‍याने कोंबडीचं एक पिल्लू मेलं, तेव्हापासून जिवंत प्राण्यावर नेम धरायचा म्हटलं की त्याचा हात कापतो. पुढे जत्रेतल्या नेमबाजीच्या खेळात त्याला लॉरी भेटते. डोक्यावर मुकुट, मुकुटात काड्या खोचलेल्या, आणि समोरच्याने गोळी झाडून एकेक काडी पेटवायची. हीच त्यांची पहिली ओळख आणि हेच प्रेमप्रकरण! जॉन डॉल आणि पेगी कमिन्स इथे एकमेकांना हातही लावत नाहीत, तरी त्या काळच्या सेन्सॉरला जे चाललं नसतं ते सगळं प्रेक्षकाला कळतं. लग्न होतं, पैसे संपतात. लॉरीला साधा संसार नको, जास्त हवं. मग दरोडे सुरू होतात.

या सिनेमाचं नाव आजही निघतं ते हॅम्प्टन गावातल्या बँकेच्या दरोड्यामुळे. पटकथेत बँकेच्या आतलं सगळं लिहिलेलं होतं. लुइसने ते काढूनच टाकलं. कॅमेरा मोटारीच्या मागच्या सीटवर ठेवला आणि साडेतीन मिनिटांच्या आसपासचा सगळा प्रसंग एकाही कटाशिवाय घेतला. चित्रीकरण कॅलिफोर्नियातल्या माँट्रोझच्या खऱ्या रस्त्यावर झालं. संवाद नटांनी ऐन वेळी सुचेल तसे म्हटले. बँकेसमोर गाडी लावायला जागा मिळेल ना, ही बार्टची काळजी अगदी खरी वाटते. बाजाराच्या दिवशी सावद्यात बँकेसमोर फटफटी लावायला जागा शोधणाऱ्याला ती लगेच कळेल. बार्ट आत जातो. बाहेर नेमका एक पोलीस येऊन उभा राहतो. लॉरी खाली उतरते, त्याच्याशी गोड बोलते, त्याच्या पिस्तुलाचं कौतुक करते, आणि संधी मिळताच त्याला आडवा करते. बँकेत काय झालं ते आपल्याला शेवटपर्यंत दिसत नाही. गाडी सुसाट निघते, लॉरी मागे वळून पाहते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर भीती नसते, आनंद असतो. आपण पळणाऱ्यांच्याच गाडीत बसलेलो असतो आणि पोलिसांनी आपल्याला गाठू नये असं आपल्यालाही वाटत असतं. माझ्या मते नंतर आलेल्या जोडीदार-दरोडेखोरांच्या बहुतेक सिनेमांचं मूळ या एका शॉटमध्ये आहे. १९६७च्या 'बॉनी अँड क्लाइड'चंही.

खरे बॉनी पार्कर आणि क्लाइड बॅरो २३ मे १९३४ रोजी लुइझियानात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्या दोघांवरून बेतलेल्या कथांची अमेरिकेला कधीच वाण पडली नाही. आपल्याकडे मात्र नुसत्या हौसेखातर बंदूक उचलणारी जोडी सहसा चालत नाही. इथल्या बंडखोराला आधी अन्याय लागतो. सातपुड्यापलीकडच्या निमाडातल्या तंट्या भिल्लाला १८८९ साली जबलपूरला फाशी झाली. लोकांनी त्याला गरिबांचा कैवारी म्हणूनच लक्षात ठेवलं. सिनेमातही तेच. 'गंगा जमुना'मधले (१९६१) दिलीपकुमार आणि वैजयंतीमाला डाकूंना जाऊन मिळतात ते जमीनदाराच्या छळामुळे. 'बंटी और बबली'ने (२००५) कारण थोडं सैल केलं, पण ठकसेनांच्या हाती बंदूक दिली नाही. मुळात ती विनोदी गोष्ट.

लॉरीकडे तक्रार सांगायला काही नाही. पगाराची रक्कम लुटताना ती दोघांना ठार मारते आणि बार्टला ते कळतं वर्तमानपत्रातून. पळताना दोन वेगळ्या गाड्यांतून जायचं ठरलेलं असतं. दोघं निघतात, आणि अर्ध्यातूनच गाड्या वळवून पुन्हा एकमेकांना येऊन बिलगतात. हे दृश्य बँकेच्या शॉटइतकं गाजलं नाही, पण मला ते जास्त जबर वाटतं. दोघांचा शेवट काय होणार हे तिथेच ठरतं. शेवट इथे सांगत नाही. धुक्यात बुडालेली दलदल आणि बार्टचे बालमित्र एवढं ध्यानात ठेवा.

एक राहिलं. पटकथेवर कँटर यांच्या जोडीला मिलर्ड कॉफमन यांचं नाव आहे, पण त्या नावाआड लिहीत होते डाल्टन ट्रम्बो. कम्युनिस्ट म्हणून हॉलिवूडच्या काळ्या यादीत टाकलेले ट्रम्बो त्याच वर्षी तुरुंगात गेले. कायद्याबाहेर ढकललेल्या लेखकाने हे लिहिलं, ही गोष्ट मला नुसता योगायोग वाटत नाही.

सिनेमा ८७ मिनिटांचा आहे. बँकेचा प्रसंग आधी आवाज बंद करून बघा, मग आवाजासकट. पुढच्या भागात निकोलस रे यांचा 'दे लिव्ह बाय नाइट'. पळणारी जोडी तिथेही आहे, पण बिचारी फार साधी.