वांकलेलीं बोटें

करंगळी व अनामिका तळव्याकडे वळूं लागल्या, कीं घरोघरीं तो वाताचा विकार ठरतो आणि शेक सुरू होतो. शेकांतच येथें मोठा धोका आहे.

दुपुइत्राँ या फ्रेंच शस्त्रवैद्याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या विकारांत तळव्याच्या कातडीखालील पडदा जाड होऊन आखडतो. बोट सरळ होत नाहीं, पण स्पर्श शाबूत असतो. उलटपक्षीं, बोटें दुसऱ्या हातानें सरळ होतात, परंतु करंगळीला मोरपिसाचा स्पर्शही कळत नाहीं, असें असेल तर दोष ज्ञानतंतूंत समजावा. आपल्याकडे त्याचें एक प्रमुख कारण कुष्ठरोग. कोपराच्या आंतल्या बाजूस, जेथें ठोसा लागतांच झिणझिण्या येतात, तेथील तंतु सुजून निकामी होतो.

नांव ऐकून रोग लपविणें, हेंच खरें अनर्थाचें मूळ. १९८२ पासून रूढ झालेला संयुक्त औषधोपचार सहा किंवा बारा महिन्यांचा असतो; मीरा-भाईंदरकरांना तो सरकारी व महापालिकेच्या आरोग्यकेंद्रांतून विनामूल्य मिळतो. तंतूची सूज सहा महिन्यांच्या आंत ध्यानीं आल्यास स्टेरॉइडनें बोटांची शक्ति पुष्कळदां परतते. पुढें शस्त्रक्रिया. १९४८ च्या सुमारास वेल्लोरला पॉल ब्रँड यांनीं धडधाकट स्नायूची कंडरा वळवून अशीं बोटें उघडलीं, मुंबईस जे. जे. रुग्णालयांत डॉ. नोशीर अंतिया यांनीं तें कार्य वाढविलें.

गेलेला स्पर्श मात्र त्यानें परतत नाहीं. चुलीवरचें पातेलें उचलतांना जाड फडकें हवेंच. आणि रोज हात पाण्यांत भिजवून, तेल लावून, मांडीवर ठेवून बोटें हलकेच सरळ करावींत.