दत्त, सुनील

(६ जून १९२९–२५ मे २००५). हिंदी चित्रपटसृष्टीतील ख्यातनाम अभिनेते, निर्माते व दिग्दर्शक आणि मुंबईतून पाच वेळा निवडून आलेले लोकसभा सदस्य. मूळ नाव बलराज दत्त. जन्म झेलम जिल्ह्यातील (आता पाकिस्तानात) खुर्द या खेड्यात. बालपणीच पितृछत्र हरपले. १९४७ च्या फाळणीत कुटुंबास गाव सोडावे लागले. वडिलांच्या एका मुसलमान स्नेह्याने आश्रय दिल्यामुळे आपण वाचलो, असे ते पुढे आवर्जून सांगत. त्यांच्या उत्तरायुष्यातील राजकीय भूमिकेचा उगम शोधताना या घटनेकडे दुर्लक्ष करता येत नाही. काही काळ लखनौ येथे काढून ते मुंबईस आले आणि जयहिंद महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. या काळात चरितार्थासाठी ‘बेस्ट’मध्ये नोकरी केली. पुढे रेडिओ सिलोनवर चित्रपट कलावंतांच्या मुलाखती घेणारे निवेदक म्हणून त्यांचा आवाज घरोघरी पोहोचला.

रमेश सैगल यांच्या ‘रेल्वे प्लॅटफॉर्म’ (१९५५) या चित्रपटाद्वारे त्यांचे पदार्पण झाले. बलराज साहनी यांच्या नावाशी घोटाळा होऊ नये म्हणून ‘सुनील’ हे नाव याच वेळी देण्यात आले. मेहबूब खान यांच्या ‘मदर इंडिया’तील (१९५७) बिरजू या बंडखोर मुलाच्या भूमिकेने त्यांना कीर्ती मिळाली. त्यात आईची भूमिका करणाऱ्या नर्गिस यांना चित्रणाच्या वेळी लागलेल्या आगीतून त्यांनी वाचविले व १९५८ मध्ये उभयतांचा विवाह झाला. त्यानंतरच्या दशकातील ‘साधना’ (१९५८), ‘सुजाता’ (१९५९), ‘गुमराह’ (१९६३), ‘वक्त’ (१९६५), ‘मिलन’ (१९६७) व ‘पडोसन’ (१९६८) हे त्यांचे विशेष उल्लेखनीय चित्रपट होत. ‘मेरा साया’ (१९६६) हा राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’ (१९६४) या मराठी चित्रपटावर आधारलेला होता. ‘मुझे जीने दो’ (१९६३) व ‘खानदान’ (१९६५) यांतील भूमिकांसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार लाभला. १९६८ मध्ये ‘पद्मश्री’ने त्यांचा गौरव झाला.

त्यांच्या निर्मितिसंस्थेचे नाव ‘अजंठा आर्ट्स’. मराठवाड्यातील, आजच्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील लेण्यांचे हे नाव अशा रीतीने चंबळच्या दरोडेखोरांवरील ‘मुझे जीने दो’ आणि एकाच पात्रावर उभारलेल्या ‘यादें’ (१९६४) या धाडसी चित्रपटांशी जोडले गेले. याच संस्थेच्या कलापथकाने १९६२ च्या चीन युद्धापासून सीमेवरील सैनिकांसाठी करमणुकीचे कार्यक्रम केले. दत्त यांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ खरे तर निवडणुकीपासून नव्हे, तर या पथकापासून धरला पाहिजे. ‘रेश्मा और शेरा’ (१९७१) हा राजस्थानच्या वाळवंटातील चित्रपट राष्ट्रीय पुरस्कार मिळवूनही व्यवसायात अपयशी ठरला व त्याने दत्त यांना कर्जात लोटले.

नर्गिस यांचे कर्करोगाने ३ मे १९८१ रोजी निधन झाले. त्यानंतर पाचच दिवसांनी पुत्र संजय यांचा पहिला चित्रपट ‘रॉकी’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शक सुनील दत्त हेच होते. त्यानंतर त्यांनी ‘दर्द का रिश्ता’ (१९८२) हा रक्ताच्या कर्करोगाने पीडित मुलीवरील चित्रपट काढला आणि पत्नीच्या स्मरणार्थ प्रतिष्ठान स्थापिले. बार्शी (सोलापूर जिल्हा) येथील कर्करोग रुग्णालयास नर्गिस यांचे नाव देण्यात आले आहे. या रुग्णालयाशी संलग्न ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये सुरू झाली असून तीत बार्शीबरोबर मराठवाड्यातील परांडा व भूम हे तालुके येतात. १९८० च्या दशकाच्या आरंभी ते मुंबईचे नगरपाल होते.

डिसेंबर १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने अनेक कलावंतांना उमेदवारी दिली. अमिताभ बच्चन अलाहाबादेतून व वैजयंतीमाला दक्षिण मद्रासमधून निवडून आल्या-गेल्या; त्यांपैकी बच्चन यांनी १९८७ मध्ये राजीनामा दिला. दत्त यांनी मुंबई वायव्य मतदारसंघात राम जेठमलानी यांचा पराभव केला व १९८९ आणि १९९१ मध्येही जागा राखली. एम्. जी. रामचंद्रन् व एन्. टी. रामाराव यांनी पडद्यावरील प्रतिमेच्या बळावर पक्ष उभारून सत्ता मिळविली. दत्त यांचा मार्ग निराळा होता. त्यांनी स्वतःचा पक्ष काढला नाही. उपनगरांतील झोपडपट्टीवासीयांशी जोडलेला प्रत्यक्ष संबंध हेच त्यांचे भांडवल राहिले. पंजाबात दहशतवाद शिगेस पोहोचला असता १९८७ मध्ये त्यांनी मुंबई ते अमृतसर अशी सुमारे २,००० किमी. पदयात्रा ७८ दिवसांत पुरी केली. कन्या प्रिया त्यांच्यासोबत होत्या. पुढील वर्षी जपानमध्ये अण्वस्त्रांच्या विरोधातही त्यांनी पदयात्रा काढली.

त्यांची खरी कसोटी मुंबईतील १९९२-९३ च्या दंगलींत लागली. सत्ता स्वतःच्याच पक्षाची असताना ती नागरिकांचे रक्षण करू शकली नाही, या कारणास्तव त्यांनी जानेवारी १९९३ मध्ये लोकसभा सदस्यत्वाचा राजीनामा देऊ केला. दंगलग्रस्तांना, विशेषतः मुसलमान वस्त्यांना, मदत पोहोचविल्याबद्दल त्यांच्यावर कठोर टीका झाली. मार्चमध्ये बाँबस्फोट झाले आणि एप्रिलमध्ये संजय दत्त यांना बेकायदा शस्त्र बाळगल्याप्रकरणी ‘टाडा’खाली अटक झाली. पुत्राच्या सुटकेसाठी दत्त यांनी स्वपक्षीय नेत्यांचे दरवाजे ठोठावले. त्यातून फारसे निष्पन्न न झाल्यावर ते शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांना भेटले. ज्या पक्षाशी दंगलींच्या काळात त्यांचा तीव्र विरोध होता, त्याच्याच नेत्याकडे जावे लागणे हा त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत क्लेशदायक प्रसंग म्हणावा लागेल. त्यास केवळ राजकीय तडजोड ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९९५ मध्ये संजय यांना जामीन दिला. दत्त यांनी १९९६ व १९९८ च्या निवडणुका लढविल्या नाहीत. ही जागा शिवसेनेचे मधुकर सरपोतदार यांच्याकडे गेली. १९९९ मध्ये दत्त यांनी ती परत मिळविली.

२००४ मध्ये त्यांनी शिवसेनेचे संजय निरुपम यांचा पराभव केला आणि मनमोहनसिंग मंत्रिमंडळात त्यांच्याकडे युवक कल्याण व क्रीडा हे खाते आले. त्याआधी ‘मुन्नाभाई एम्. बी. बी. एस्.’ (२००३) या चित्रपटात त्यांनी संजय यांच्या पित्याची भूमिका केली होती. निरुपम यांना २००५ मध्ये काँग्रेसमध्ये घेण्यात आले, हे दत्त यांना रुचले नव्हते. मंत्रिपदावर असतानाच मुंबईत वांद्रे येथील राहत्या घरी त्यांचे हृदयविकाराने निधन झाले. संजय यांच्या खटल्याचा निकाल त्यानंतर, २००६ मध्ये लागला : कटाच्या आरोपातून मुक्तता, परंतु शस्त्र अधिनियमाखाली दोषी. मुंबई वायव्य मतदारसंघाच्या नोव्हेंबर २००५ मधील पोटनिवडणुकीत प्रिया दत्त विजयी झाल्या.