‘मग देवाला कोणी निर्माण केलं?’ : ईश्वरसिद्धीच्या ख्रिस्ती युक्तिवादांविषयीचे गैरसमज

ईश्वर आहे की नाही, हा वाद चहाच्या टपरीवर पाच मिनिटांत निकालात निघतो आणि ग्रंथांमध्ये शतकानुशतके चालू राहतो. ख्रिस्ती ईश्वरशास्त्रात या वादाला फार शिस्तशीर रूप आले. पण तिथले युक्तिवाद आज ज्या रूपात कानावर पडतात, ते मूळ रूप क्वचितच असते. टीकाकार त्यांची एक सोपी नक्कल करून ती पाडतात. समर्थक त्यांच्यावर न पेलणारे ओझे टाकतात. या युक्तिवादांची सर्वांत कठोर झडती अनेकदा श्रद्धावंतांनीच घेतली आहे, हे मात्र दोघांच्याही गावी नसते. काही नेहमीचे गैरसमज इथे तपासू.

गैरसमज १ : ‘प्रत्येक गोष्टीला कारण असते, म्हणून विश्वाला कारण आहे आणि ते म्हणजे देव. मग देवाला कोणी निर्माण केले?’ या एका प्रश्नात सगळा युक्तिवाद कोसळतो.

वस्तुस्थिती : ‘प्रत्येक गोष्टीला कारण असते’ हे विधान या परंपरेतल्या कोणत्याही मोठ्या विचारवंताच्या युक्तिवादाचा पाया नाही. थॉमस अ‍ॅक्वायनसने (१२२५-१२७४) ‘सुम्मा थिओलॉजिए’ या अपूर्ण राहिलेल्या महाग्रंथात ईश्वरापर्यंत जाणारे पाच मार्ग मांडले. ते सगळे मिळून दीड-दोन पानांत मावतात. त्याचे म्हणणे असे : जे बदलते, ते दुसऱ्या कशामुळे तरी बदलते. जे असू शकते तसेच नसूही शकते, त्याचे असणे दुसऱ्यावर अवलंबून असते. सगळेच परावलंबी असेल तर या परावलंबनाला आधार कुठला? म्हणून स्वतः परावलंबी नसलेले काहीतरी मानावे लागते. त्याला कारण विचारायचे, तर ते परावलंबी आहे हे आधी दाखवावे लागेल.

भारतीय न्यायशास्त्राने ज्याला अनवस्था, म्हणजे कुठेच न थांबणारी कारणांची साखळी, म्हटले, तोच हा प्रश्न आहे. पण इथे आणखी एक बारकावा निसटतो. अ‍ॅक्वायनस काळात मागे मागे जाणाऱ्या साखळीबद्दल बोलत नाही. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी साखळी अनंतापर्यंत मागे गेली तरी त्याची हरकत नाही. त्याचे उदाहरण वेगळे आहे : हात काठी हलवतो आणि काठी दगड ढकलते. हात थांबला की त्याच क्षणी सगळे थांबते. अशा, या क्षणी एकमेकांवर टेकलेल्या कारणांच्या रांगेला मूळ आधार हवा, एवढेच तो म्हणतो.

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने ६ मार्च १९२७ रोजी लंडनच्या बॅटरसी टाउन हॉलमध्ये दिलेल्या ‘मी ख्रिस्ती का नाही’ या प्रसिद्ध व्याख्यानात खोडून काढले ते या युक्तिवादाचे सोपे रूप. १९४८ मध्ये बीबीसी रेडिओवर जेझुइट तत्त्वज्ञ फ्रेडरिक कोपलस्टन समोर आला, तेव्हा वाद खऱ्या जागी पोहोचला. विश्वातल्या एकेका वस्तूचे स्पष्टीकरण असले म्हणून संपूर्ण विश्वाचेही स्पष्टीकरण असलेच पाहिजे का? कोपलस्टनचे उत्तर ‘हो’ होते. रसेलच्या मते विश्व आहे, इतकेच, आणि त्यापलीकडे विचारण्यासारखे काही नाही. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनेही अठराव्या शतकात याच ठिकाणी बोट ठेवले होते. युक्तिवादाची खरी कसोटी ही आहे, ‘देवाला कोणी निर्माण केले’ ही नव्हे.

गैरसमज २ : महास्फोटाच्या सिद्धांताने बायबलमधली सृष्टीची उत्पत्ती सिद्ध केली.

वस्तुस्थिती : हा गैरसमज श्रद्धावंतांमध्ये अधिक आढळतो. त्याला विरोध करणाऱ्यांत सिद्धांताचा जनकच होता. बेल्जियमचा जॉर्ज लमेत्र हा कॅथलिक धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ. विश्व प्रसरण पावते आहे हे त्याने १९२७ मध्ये मांडले आणि १९३१ मध्ये ‘आदिअणू’ची कल्पना पुढे आणली. पोप पायस बारावे यांनी नोव्हेंबर १९५१ मधल्या भाषणात या विज्ञानाचा संबंध सृष्टिकर्त्याशी जोडला, तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाला. आपला सिद्धांत धार्मिक वा तत्त्वमीमांसेच्या प्रश्नांच्या बाहेरचा आहे, अशीच त्याची भूमिका होती. आज नवे पुरावे आले आणि उद्या सिद्धांत बदलला, तर त्याच्या खांद्यावर बसवलेला देवही खाली पडेल, हे उघडच आहे.

अ‍ॅक्वायनस इथेही अनपेक्षित वाटतो. विश्वाला आरंभ आहे यावर त्याची श्रद्धा होती, पण हे तर्काने सिद्ध करता येत नाही असे तो ठामपणे म्हणतो. विश्व अनादी असते, तरी ते ईश्वरावर अवलंबून असू शकले असते. ख्रिस्ती ईश्वरशास्त्रात निर्मिती म्हणजे फार पूर्वी घडून गेलेली एक घटना एवढेच नव्हे. प्रत्येक क्षणी अस्तित्व लाभणे, हा तिचा गाभा आहे.

विश्वाच्या आरंभावर उभा असलेला युक्तिवादही आहे. तो कलाम या इस्लामी ईश्वरशास्त्राच्या परंपरेतून आला. अल-गझालीने (मृत्यू ११११) तो नेटकेपणाने मांडला आणि विल्यम लेन क्रेग या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने १९७९ मध्ये त्याला नवे बळ दिले. त्याचे पहिले विधानही ‘प्रत्येक गोष्टीला’ असे नसून ‘ज्याला आरंभ आहे त्याला’ कारण असते, असे आहे.

गैरसमज ३ : ‘देव परिपूर्ण, म्हणून तो असलाच पाहिजे’ ही शब्दांची कसरत चर्चने डोळे मिटून स्वीकारली.

वस्तुस्थिती : या सत्ताशास्त्रीय युक्तिवादाचा कर्ता अ‍ॅन्सेल्म (१०३३-११०९). पुढे तो कँटरबरीचा आर्चबिशप झाला. ज्याहून थोर काही कल्पिता येत नाही, ते केवळ मनात असेल आणि प्रत्यक्षात नसेल, तर त्याहून थोर असे काही कल्पिता येईल. म्हणजे विसंगती आली. तेव्हा ते प्रत्यक्षातही असले पाहिजे, असा हा युक्तिवाद १०७८ च्या सुमारास लिहिला गेला.

त्यावर पहिला हल्ला कोणा नास्तिकाने केला नाही. गॉनिलो नावाच्या फ्रेंच मठवाशाने विचारले : याच पद्धतीने सर्वांत उत्कृष्ट बेटही सिद्ध करता येईल, मग ते कुठे आहे? अ‍ॅन्सेल्मने उत्तर लिहिले आणि टीका व उत्तर दोन्ही आपल्या ग्रंथाला जोडली जावीत असे सांगितले. दोनशे वर्षांनी अ‍ॅक्वायनसनेही हा युक्तिवाद नाकारला. आपल्याला ईश्वराचे सत्त्वच कळत नाही, मग त्याच्या सत्त्वातून अस्तित्व कसे काढणार, असे त्याचे म्हणणे होते. १७८१ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांटने घाव घातला तो असा : अस्तित्व हा वस्तूच्या गुणांत भर घालणारा गुण नाही. कल्पनेतल्या आणि खिशातल्या शंभर नाण्यांच्या संकल्पनेत फरक नसतो. कांट ईश्वरविरोधी नव्हता. नैतिक जीवनासाठी ईश्वर गृहीत धरावा लागतो, असे त्यानेच पुढे लिहिले.

गैरसमज ४ : संगणकाने देवाचे अस्तित्व सिद्ध केले आहे.

वस्तुस्थिती : या बातमीमागे खरी घटना आहे. गणिती कुर्ट गोडेलने अ‍ॅन्सेल्मच्या वळणाचा युक्तिवाद आकारिक तर्कशास्त्रात लिहिला होता. १९७० मध्ये त्याने तो तर्कशास्त्रज्ञ डेना स्कॉटला दाखवला, स्कॉटने त्याची थोडी बदललेली आवृत्ती केली, आणि तो छापून आला १९८७ मध्ये, गोडेलच्या मृत्यूनंतर. २०१३ मध्ये क्रिस्टोफ बेन्त्सम्युलर आणि ब्रुनो वोल्ट्सनलोगेल पालेओ या संशोधकांनी संगणकाकडून त्याची तपासणी करून घेतली. निष्कर्ष गृहीतकांतून बिनचूक निघतो, हे स्कॉटच्या आवृत्तीबाबत सिद्ध झाले. गृहीतके खरी आहेत की नाहीत, हे संगणकाला विचारलेच नव्हते. उलट याच तपासणीत गोडेलच्या मूळ टिपणातली गृहीतके परस्परविसंगत असल्याचे आढळले. शिवाय स्कॉटच्या आवृत्तीतून, जे जे घडते ते अटळपणेच घडते, असाही निष्कर्ष निघतो. तो बहुतेक ईश्वरशास्त्रज्ञांना नकोसा आहे.

गैरसमज ५ : डार्विननंतर सृष्टीतल्या रचनेवरून देवाकडे जाणारे सगळे युक्तिवाद संपले.

वस्तुस्थिती : एक युक्तिवाद नक्कीच खिळखिळा झाला. इंग्लिश धर्मगुरू विल्यम पेलीने १८०२ मध्ये लिहिले की माळावर घड्याळ सापडले तर घड्याळजी मानावा लागतो, तसाच डोळ्यासारख्या अवयवांचाही रचनाकार मानावा लागेल. केंब्रिजमध्ये शिकताना डार्विनला पेलीचे तर्क फार आवडत. १८५९ मध्ये त्यानेच नैसर्गिक निवडीचे पर्यायी स्पष्टीकरण दिले. त्याच्या ऐंशी वर्षे आधी, १७७९ मध्ये, ह्यूमच्या मृत्यूनंतर छापलेल्या संवादांनी विश्व आणि मानवी यंत्र यांच्यातल्या साम्यावरच प्रश्नचिन्ह लावले होते.

अ‍ॅक्वायनसचा पाचवा मार्ग मात्र घड्याळाचा नाही. बुद्धी नसलेल्या वस्तू नियमितपणे ठरावीक परिणामाकडेच का जातात, असे तो विचारतो. निसर्गात नियमबद्धता मुळात का आहे, हा तो प्रश्न. नैसर्गिक निवडही या नियमबद्धतेवरच चालते. अर्थात या प्रश्नाला ईश्वर हेच उत्तर आहे, हे मान्य करणे कोणावर बंधनकारक नाही. पण डार्विनने उत्तर दिले ते वेगळ्या प्रश्नाला.

गैरसमज ६ : पास्कलची पैज हा देव असल्याचा पुरावा आहे.

वस्तुस्थिती : फ्रेंच गणिती आणि विचारवंत पास्कलने तसा दावा केलाच नाही. बुद्धीला इथे निर्णय देता येत नाही, असे धरून तो पुढे जातो आणि मग कोणत्या बाजूला आयुष्य लावणे शहाणपणाचे, हे विचारतो. त्याच्या मृत्यूनंतर १६७० मध्ये छापलेल्या टिपणांत हा भाग आहे. कोणत्या धर्माच्या देवावर पैज लावायची, हा आक्षेप तिथे अडसर होतोच.

गैरसमज ७ : ख्रिस्ती धर्मात श्रद्धा म्हणजे बुद्धीला रजा.

वस्तुस्थिती : ‘असंभव आहे म्हणूनच मी मानतो’ अशा अर्थाचे वाक्य टर्टुलियन या आद्य ख्रिस्ती लेखकाच्या नावावर खपते. ते त्या शब्दांत त्याने लिहिलेले नाही. ख्रिस्ताच्या देहधारणेवर वाद घालताना त्याने केलेल्या एका वक्तृत्वपूर्ण विधानाचे ते पुढे बनलेले घोषवाक्य आहे. कॅथलिक चर्चची भूमिका तर उलटी आहे. निर्मित सृष्टीवरून ईश्वराचे ज्ञान नैसर्गिक बुद्धीला निश्चितपणे होऊ शकते, असे पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८७० मध्ये जाहीर केले. कॅथलिक धर्मगुरू होऊ पाहणाऱ्यांना ईश्वरशास्त्राआधी तत्त्वज्ञान शिकावे लागते. १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्याला आलेल्या पेपल सेमिनरीतही हाच क्रम आहे.

पण ही सगळ्या ख्रिस्ती लोकांची भूमिका समजणेही चूक. प्रॉटेस्टंट ईश्वरशास्त्रज्ञ कार्ल बार्टने १९३४ मध्ये सहकारी एमिल ब्रुनरला दिलेल्या उत्तराचे नावच ‘नाही!’ असे ठेवले. माणूस तर्काने ईश्वरापर्यंत चढून जातो, ही कल्पना त्याला मान्य नव्हती. ईश्वर स्वतःला प्रकट करतो तेव्हाच तो कळतो. आणि अ‍ॅक्वायनसच्या मतेही बुद्धी फार तर ‘ईश्वर आहे’ इथपर्यंत जाते. तो त्र्येक, म्हणजे तीन व्यक्तींत एक, आहे हे तर्काने सिद्ध होत नाही, आणि तसा प्रयत्न केल्यास श्रद्धेचे हसेच होईल, असा इशारा त्याने दिला आहे.

गैरसमज ८ : जगातल्या दुःखाचा प्रश्न ईश्वरशास्त्राने टाळला.

वस्तुस्थिती : अ‍ॅक्वायनस पाच मार्ग सांगण्यापूर्वी ईश्वराविरुद्धचे आक्षेप नोंदवतो. त्यांतला पहिलाच हा आहे : अनंत चांगुलपणा असता तर वाईट उरलेच नसते. ‘ईयोब’ हे बायबलमधले पुस्तक तर निरपराध माणसाच्या दुःखावरच आहे. आधुनिक काळात तत्त्वज्ञ जे. एल. मॅकीने १९५५ मध्ये म्हटले की सर्वशक्तिमान, सर्वथा चांगला ईश्वर आणि वाईट यांचे एकत्र असणे तर्कविसंगत आहे. अ‍ॅल्विन प्लँटिंगा या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने १९७४ मध्ये उत्तर दिले : खरे इच्छास्वातंत्र्य असलेली माणसे निर्माण करायची, तर ती चुकणारच नाहीत याची हमी ईश्वरालाही देता येत नसेल. तेव्हा विसंगती सिद्ध होत नाही.

विल्यम रोव या निरीश्वरवादी तत्त्वज्ञानेही विसंगती सिद्ध झालेली नाही हे कबूल केले, पण १९७९ मध्ये प्रश्न अधिक धारदार केला. दूरच्या जंगलात वणव्यात होरपळून दिवसेंदिवस तडफडणाऱ्या हरणाच्या पाडसाचे दुःख कोणत्या भल्यासाठी? अशी उदाहरणे ईश्वर असणे अशक्य ठरवत नाहीत, पण असंभाव्य करतात, असे तो म्हणतो. या आक्षेपाला सर्वमान्य उत्तर आजही नाही.

गैरसमज ९ : हा पाश्चात्त्यांचा वाद आहे, आपल्याकडे त्याला मुळे नाहीत.

वस्तुस्थिती : जग हे कार्य आहे, म्हणून त्याला कर्ता हवा, असे नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त अ‍ॅन्सेल्मच्या आधी मांडले. बौद्ध आणि मीमांसक अशा ईश्वरवादाशी कडाडून भांडले. दोन्ही परंपरांची गाठ पडली ती एका चित्पावन पंडिताच्या लेखणीत. काशीत वाढलेले नीलकंठशास्त्री गोरे यांनी आधी ख्रिस्ती मताचे खंडन संस्कृतात लिहिले, १८४८ मध्ये ते स्वतः ख्रिस्ती झाले आणि १८६० मध्ये ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ लिहून दर्शनांचीच तर्काने परीक्षा केली. न्यायमतातला ईश्वर अनादी परमाणूंची रचना करतो, तर ख्रिस्ती ईश्वर शून्यातून निर्मिती करतो. हा भेद गोऱ्यांच्या टीकेत महत्त्वाचा आहे. पंडिता रमाबाईंच्या धर्मचिंतनावरही गोऱ्यांचा प्रभाव पडला.

हे गैरसमज दूर झाले म्हणून ईश्वर सिद्ध झाला, असे होत नाही, तसा तो असिद्धही होत नाही. या युक्तिवादांवरचे खरे आक्षेप ह्यूम, कांट आणि रोव यांचे आहेत आणि ते आजही दमदार आहेत. फरक पडतो तो वाद घालण्याच्या दर्जात. गॉनिलो श्रद्धावंत होता आणि तरीही त्याने आपल्याच पंथातल्या नामांकित विद्वानाचा युक्तिवाद मान्य केला नाही. रोव निरीश्वरवादी होता आणि तरीही आपल्या बाजूचा कच्चा दावा त्याने सोडून दिला. या विषयावर बोलू पाहणाऱ्या आस्तिकाने आणि नास्तिकाने निदान एवढा प्रामाणिकपणा दाखवावा : प्रतिपक्षाचे म्हणणे त्यालाही पटेल अशा शब्दांत आधी मांडावे, आणि मगच ते खोडावे.