मार खाणाऱ्याचे गणित

चाळिशी उलटलेला मराठीचा प्राध्यापक रात्री जेवण आटोपून संगणकापुढे बसतो आणि ड्रॅगनच्या तोंडासमोर ढाल घेऊन उभा राहतो, हे ऐकून वाचकहो, तुम्हांला हसू येईल. आमच्या घरी ते येऊन गेले आहे. सौभाग्यवती या उद्योगाला ‘रात्रपाळी’ म्हणतात.

खेळाचे नाव ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीने तो २००४ साली काढला आणि २०१९ मध्ये त्याचे जुने रूप ‘क्लासिक’ या नावाने पुन्हा खुले केले. मी खेळतो ते हे जुने. मोठ्या स्वारीत ४० माणसे असतात. काही मारणारी, काही जखमा भरणारी, आणि मार खाण्यासाठी पुढे उभा राहणारा एक. त्याला ‘टँक’ म्हणतात. ते काम माझे.

नुसते मार खाणे सोपे. पण शत्रूने आपल्यालाच मारावे, ही तजवीज कठीण. कोणी किती चीड आणली याचा हिशेब शत्रू ठेवतो. जवळून लढणारा टँकच्या ११० टक्के किंवा लांबून मारणारा १३० टक्के यापुढे गेला, की स्वारी त्याच्याकडे वळली! म्हणून योद्धा बचावाचा पवित्रा घेतो. त्यात मार १० टक्के कमी लागतो, आपला वारही १० टक्के हलका पडतो, पण चीड मात्र ३० टक्के जास्त येते.

आता गंमत पाहा. योद्ध्याला डाव टाकायला ‘रेज’ म्हणजे संताप लागतो, आणि तो वार करून किंवा खाऊन चढतो. शत्रूचा घाव चुकवला की संताप नाही; चिलखत फार भारी झाले तरी संताप थोडाच. म्हणजे बचाव उत्तम साधला की हात रिकामे! म्हणूनच कित्येक कसलेले टँक ढाल टाकून दोन्ही हातांत शस्त्रे घेतात. चीड भरपूर येते, जीव मात्र टांगणीला लागतो.

मी ढालवाला. घाव चुकवण्यापेक्षा अंगात ताकद जास्त असावी, असे माझे मत. चुकवणे नशिबाचे, चारदा चुकवले आणि पाचवा-सहावा घाव लागोपाठ बसला, तर जखमा भरणाराने काय करावे? आमच्या चमूत हे काम एक बाई करतात. त्यांची मंत्रशक्ती मोजकी असते. मार बेताचा पण सारखा लागला, तर त्यांना ती पुरवून वापरता येते. बड्या शत्रूचा दुप्पट घाव टाळायला बचावाचे कौशल्य ४४० वर न्यावे लागते. तेवढे केले की बाकी सगळी भरती ताकदीची.

खरी कसोटी ओनिक्सियापुढे. या ड्रॅगनिणीच्या तोंडून आग, मागे शेपटीचा फटका. तेव्हा तिचे तोंड भिंतीकडे वळवून ठेवायचे आणि बाकीच्यांनी कुशीला उभे राहायचे. तिचे ४० टक्के बळ उरले की ती आकाशातून खाली उतरते आणि डरकाळीने सगळ्यांची पळापळ करते. टँक पळाला की ती फिरलीच. त्यावर उपाय असा, की डरकाळीच्या आधी बचावाचा पवित्रा सोडून आक्रमक पवित्र्यात जायचे, भय न लागणारा डाव टाकायचा आणि लगेच परतायचे. त्या क्षणी मार १० टक्के जास्त लागतो आणि साठवलेला बराच संतापही जातो. तरी मी तेच करतो. चाळिसांपैकी कित्येकांना पहाटेची गाडी धरायची असते. रात्री अकराला सगळे मेले, तर स्वारी पुन्हा पहिल्यापासून.

राहता राहिली ‘शील्ड वॉल’. दहा सेकंद मार पाऊण हिश्शाने कमी, पण अर्ध्या तासातून एकदाच. पुष्कळजण ती शेवटच्या संकटासाठी जपतात आणि जपताजपताच मरतात. मी ती ओनिक्सियाचे पाय जमिनीला लागताच वापरतो. त्या दहा सेकंदांत बाई बाकीच्यांच्या जखमा भरून घेतात.