सातबारा आणि शिवार

शिरूरहून न्हावऱ्याच्या वाटेने निघून, भीमा ओलांडून, चौफुल्यावरून पाटसमार्गे दौंडच्या जंक्शनाशी यावे, तो एवढ्या प्रवासात मंगल कार्यालयांच्या जशा कमानी दिसतात तशा त्यांच्याच आश्रयाने चालणाऱ्या फोटो स्टुडिओंच्या पाट्याही दिसतात. या स्टुडिओंच्या मागच्या खोलीत, बाहेरचे ऊन आत येऊ नये म्हणून खिडकीला जाड पडदा लावून, तीन-चार कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रणातून एक सलग चित्रफीत सिद्ध करण्याचे जे काम चालते, त्यास या भागात 'मिक्सिंग' म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात शिरूरच्या अशाच एका खोलीत मी बसलो असता भीमाकाठच्या एका गावचे वृद्ध गृहस्थ आले. नातवाच्या लग्नाची चित्रफीत त्यांना मिळून चार महिने लोटले होते. मध्यंतरी त्यांची पत्नी निवर्तली होती, आणि त्या दोन तासांच्या चित्रफितीत ती नवरीला ओवाळताना जेमतेम चार सेकंद दिसत होती. "पोरा, म्हातारीचं तेवढं वाढवून दे रं," एवढीच त्यांची मागणी होती. "बसा आबा," म्हणून मिक्सिंग करणाऱ्या तरुणाने जुने काम उघडले, तो संबंध पडदा लाल झाला आणि त्यावर अनेक भाषांत एकच मजकूर उमटला: मीडिया ऑफलाइन. तरुणाचा चेहरा उतरला. सगळे गेले, असे त्याला वाटले. वस्तुतः काहीच गेले नव्हते.

हे समजण्यास तलाठ्याच्या दप्तराचा दाखला फार उपयोगी पडतो. सातबाऱ्याच्या उताऱ्यात जमीन नसते. गट क्रमांक, क्षेत्र, खातेदाराचे नाव आणि पिकाची नोंद, एवढेच असते. मिक्सिंगची जी प्रोजेक्ट फाईल, तीही अशीच उताऱ्याच्या जातीची आहे. तिच्यात चित्र नसते, ध्वनी नसतो. अमुक डिस्कवरील अमुक फोल्डरातील अमुक क्लिप, तिच्या कितव्या सेकंदापासून कितव्यापर्यंत घेतली, तिच्याखाली सनईचा कोणता तुकडा जोडला, याच्या नोंदी तेवढ्या असतात. चित्रणाचे शिवार निराळे आणि ते अवाढव्य असते: सेकंदाला 50 मेगाबिट या गतीने एक कॅमेरा तासाला साडेबावीस जीबी भरतो, म्हणजे तीन कॅमेरे सहा तास चालले की चारशे जीबींचा आकडा ओलांडला जातो, उलट ज्या फाईलीत कारागिराचे पंधरा-पंधरा दिवसांचे चित्त आणि निवड साठवलेली असते, ती बहुधा काही एमबींचीच निघते. मोठ्या वस्तूची काळजी आपण आपसूक घेतो आणि लहान वस्तू टेबलावर विसरतो. या धंद्यातील बहुतेक हळहळीचे मूळ मला इथेच दिसते.

आबांच्या कामात घडले होते ते असे. चित्रणाची डिस्क स्टुडिओच्या दौंडच्या शाखेत जाऊन परत आली होती, आणि पूर्वी जे 'ई' अक्षर तिचे होते ते मध्यंतरी जोडलेल्या दुसऱ्या डिस्कने घेतले होते. शिवार जागच्या जागी होते. गट क्रमांक तेवढा बदलला होता. अशा वेळी पहिला नियम हा, की घाबरून त्या लाल अवस्थेतच काम सेव्ह करू नये. फाईल तशीच बंद करावी, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डिस्कला तिचे जुने अक्षर परत द्यावे, अथवा एका क्लिपेचा नवा पत्ता दाखवून द्यावा; त्याच फोल्डरातील बाकीच्या क्लिपा सॉफ्टवेअर बहुधा आपणच हुडकून काढते. मात्र इथे एक दगा संभवतो. कॅमेरे आपल्या क्लिपांना सी0001, सी0002 अशी नावे देतात, आणि एकाच कंपनीचे दोन कॅमेरे असले तर दोहोंतही त्याच नावाच्या क्लिपा असतात. त्या एकाच फोल्डरात ओतण्याचा, किंवा मागाहून नावे बदलण्याचा मोह ज्याने केला, त्याच्या चित्रफितीत हळदीच्या जागी वरात येऊन बसते. प्रत्येक कॅमेऱ्याचे व प्रत्येक कार्डाचे फोल्डर काम आरंभण्यापूर्वीच स्वतंत्र करावे आणि मग त्यास हात लावू नये.

दुसरे दुखणे पाहुण्यांच्या मोबाइलचे. मंगलाष्टके चालू असतात, भटजींचा 'सावधान' कानी येतो, पण पडद्यावर अक्षता केव्हाच पडून गेलेल्या असतात. आरंभी ओठ व आवाज जुळलेले आणि पुढे पुढे फारकत वाढत गेलेली, असे दिसले की कारण बहुधा एकच असते: मोबाइल प्रकाशाच्या मानाने सेकंदाला कधी तीस, कधी चोवीस चौकटी टिपतो, आणि मिक्सिंगचे सॉफ्टवेअर मात्र पंचवीसांचे एकसारखे माप धरून चालते. प्रत्येक कटाला आवाज ओढून बसवणे म्हणजे रात्र वाया घालवणे होय. हँडब्रेकसारख्या मोफत साधनाने ती क्लिप आधी स्थिर गतीची करून घेतली की तंटा तिथेच मिटतो.

तयार चित्रफीत काढण्याचे जे 'रेंडर', ते चालू असता काम पुनःपुन्हा एकाच टक्क्यावर कोसळते, तेव्हा संगणकास दोष देण्यापूर्वी डिस्कवर मोकळी जागा उरली आहे काय ते पाहावे, साठलेली कॅशे पुसावी, आणि तरीही न सुटल्यास निम्मी टाइमलाइन रेंडर करून पाहावी. ती सुखरूप उतरली तर दोष दुसऱ्या निम्म्यात. मग त्याचेही निम्मे. असे सात-आठ वेळा केले की दोन तासांच्या चित्रफितीतील एका मिनिटाच्या आतबाहेर येऊन ठेपता येते, आणि तिथे एखादी बिघडलेली क्लिप किंवा न पेलणारा इफेक्ट सापडतो. मूळ फाईलच उघडेनाशी झाली असेल, तर नवे कोरे प्रोजेक्ट करून त्यात जुने आयात करून पाहावे; ऑटोसेव्हच्या फोल्डरातील मागल्या प्रती तर हमखास तपासाव्यात. आपल्याकडे लाईट केव्हा जाईल याचा भरवसा नसल्यामुळे ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर ठेवणे आणि त्या प्रती मुख्य डिस्कहून निराळ्या डिस्कवर पडतील अशी तजवीज करणे, या दोन गोष्टी यूपीएसइतक्याच आवश्यक मानाव्यात.

डाव्हिन्ची रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानी धरावे: त्याचे प्रोजेक्ट चित्रणाच्या शेजारी फाईल होऊन बसत नाही, ते त्याच्या स्वतःच्या संग्रहात राहते, तेव्हा चित्रणाचा फोल्डर उचलून दुसरीकडे नेला तरी काम मागेच उरते, ते आठवणीने एक्स्पोर्ट करावे लागते. या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती अधिकृतपणे उपलब्ध असता 'क्रॅक' केलेल्या चोरीच्या प्रतीवर लोकांची लग्ने सोपवणे मला अनुचित वाटते. तसेच ऐन लग्नसराईत आवृत्ती बदलू नये. नवीत एकदा सेव्ह केलेले काम सहसा जुनीत उघडत नाही. आणि वधूवरांची नावे जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टात लिहिली असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक पुंजका दिसतो, यास्तव शीर्षकांची चित्ररूप प्रतही जवळ असावी.

कामाची नक्कल जपून ठेवण्याविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. पुण्यातच 8 जानेवारी 2003 रोजी, पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि पाच हजारांहून अधिक रिळे भस्म झाली. ज्यांची दुसरी प्रत कोठेच नव्हती ते चित्रपट कायमचे गेले. त्याआधी 1998 साली अमेरिकेत पिक्सारच्या 'टॉय स्टोरी 2' या चित्रपटाच्या बहुतांश फाईली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या, आणि बॅकअप काढले तर तेही कित्येक दिवस नीट होत नव्हते असे उघडकीस आले. लहान मुलामुळे घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन या बाईंच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, म्हणून चित्रपट वाचला. बॅकअप असणे निराळे आणि तो उघडून पाहिलेला असणे निराळे. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने सांगितलेला तीन प्रतींचा, दोन प्रकारच्या साधनांचा आणि एक प्रत अन्यत्र ठेवण्याचा दंडक आता जगभर मानला जातो. शिरूर आणि दौंड अशा दोन ठिकाणी ज्यांची दुकाने आहेत, त्यांना 'अन्यत्र' शोधीत जावे लागत नाही. चित्रणाच्या डिस्का परवडत नसतील, तर निदान प्रोजेक्टची ती चिमुकली फाईल रोज रात्री स्वतःला ईमेल करावी. त्यास पैसा पडत नाही. आणि कार्ड चुकून पुसले गेलेच तर त्यावर पुढे काहीही चित्रित करू नये, कारण पुसण्याने बहुधा नोंद खोडली जाते, चित्रण तिथेच पडून असते, आणि फोटोरेकसारख्या साधनाने ते पुष्कळदा परत काढता येते.

त्या दिवशी डिस्कला तिचे अक्षर परत मिळाले आणि लाल पडद्याच्या जागी मांडव उभा राहिला. तरुणाने त्या कटाचे टोक धरून मागे ओढले. चार सेकंदांमागे आणखी पंधरा सेकंदांची मूळ क्लिप शिल्लक होती. आजी ताट घेऊन येते, मांडवातल्या पंख्याच्या वाऱ्याने निरांजन विझू नये म्हणून डाव्या हाताचा आडोसा धरते, ज्योत सावरली की नवरीकडे पाहून काहीसे पुटपुटते आणि मग ओवाळते. आबांनी ते तीनदा पाहिले. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "आवाज वाढव जरा. काय म्हनली ती?"