गुरांच्या खाण्यांतील तेल व रक्तांतील चरबी

लातूर जिल्ह्यांतील किल्लारीच्या काळ्या रानांत करडई हें जुनें पीक व देवणी हें जुनें जनावर. सोयाबीननें आतां करडईची पुष्कळ जागा घेतली असली, तरी नांगरटीपूर्वीं बैलास व व्याल्यावर गाईस तेल पाजणारे शेतकरी अद्याप आहेत. करडईचें तेल माणसाच्या रक्तांतील कोलेस्टेरॉल उतरवितें. मग गुरांस तें कां न मानवावें, असें त्यांस वाटतें. याचें उत्तर जनावराच्या पोटांत आहे.

करडईच्या तेलांत लिनोलेइक आम्ल शेकडा 70 ते 75 भाग असतें. कोंबडीचें पोट रवंथ करणाऱ्या जनावरासारखें नसल्यानें हें आम्ल तिच्या रक्तांत फारसें न बदलतां उतरतें व अंड्याच्या बलकांतही दिसतें. गाईबैलांचें तसें नाहीं. कोठीपोटांतील सूक्ष्म जंतु या आम्लाच्या बहुतेक भागास हायड्रोजन जोडून त्याची घट्ट चरबी बनवितात. वनस्पती तुपाच्या कारखान्यांत जें घडतें, तेंच येथें घडतें. म्हणून तेल कोणतेंही असो, तें वाढविलें कीं गाईच्या रक्तांतील कोलेस्टेरॉल बहुधा वाढतेंच. चरबी वाहून नेण्यास तें लागतें. माणसाप्रमाणें त्यास रोग समजूं नये.

खरा धोका निराळा आहे. एकंदर कोरड्या चाऱ्यांत चरबी शेकडा 6-7 भागांपलीकडे गेल्यास जंतूंचें काम मंदावतें व कडबा नीट पचत नाहीं. 350 किलो वजनाची गाय दिवसास सुमारें 9 किलो कोरडा चारा खाते. तिची चरबीची मर्यादा सुमारें अर्धा किलो होय, आणि त्यांतील 200 ग्रॅमच्या आसपास चाऱ्यांतूनच येते. वर पावशेर तेल ओतल्यास मर्यादा जवळ येते. त्यापेक्षां घाण्याच्या पेंडींतील उरलेलें तेल मिळणें बरें. तिच्याबरोबर प्रथिनेंही मिळतात.

व्यालेली गाय पुरेसें न खाल्ल्यास स्वतःच्या अंगाची चरबी रक्तांत सोडते. ती यकृतांत सांचून केटोसिस होतो. त्यावर उपाय तेल नव्हे, तर विण्यापूर्वीं बेताची अंगकाठी व व्याल्यावर चांगला चारा, पेंड आणि धान्य हाच होय.

पोटफुगींत तेल पाजावें लागतें, ही गोष्ट वेगळी. तेंही जबरीनें ओतूं नये. फुप्फुसांत गेलेलें तेल जनावराचा प्राण घेतें. बैलाचें बळ तेलाच्या बाटलींत नसून दावणीच्या रोजच्या वैरणींत आहे.