ग्राफिक्स कार्डची जुन्या संगणकाशी सुसंगतता

नवे ग्राफिक्स कार्ड जुन्या संगणकात बसणे, त्याला पुरेशी वीज मिळणे आणि त्याची क्षमता प्रत्यक्ष वापरता येणे, या तिन्ही गोष्टींना मिळून ग्राफिक्स कार्डची सुसंगतता असे म्हणतात. कार्ड स्लॉटमध्ये बसले म्हणजे ते चालेलच असे नाही. अडचण बहुधा स्लॉटऐवजी वीजपुरवठा, बायोस किंवा प्रोसेसर यांत असते. त्यामुळे या बाबी खरेदीपूर्वीच तपासणे आवश्यक ठरते.

स्लॉट

२००४ च्या सुमारास एजीपी स्लॉटची जागा पीसीआय एक्सप्रेसने घेण्यास सुरुवात केली. केवळ एजीपी स्लॉट असलेल्या मदरबोर्डवर आजचे कार्ड बसत नाही. पीसीआय एक्सप्रेसच्या आवृत्त्या मात्र परस्परांशी जुळतात. वेग कार्ड आणि स्लॉट यांपैकी जुन्या आवृत्तीचा मिळतो. १६ मार्गिकांच्या स्लॉटचा एका दिशेचा कमाल वेग आवृत्ती २.० मध्ये सेकंदाला ८, ३.० मध्ये सुमारे १६ आणि ४.० मध्ये सुमारे ३२ गिगाबाइट असतो. रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी (२०२२) यासारखी काही कार्डे चारच मार्गिका वापरतात. ती जुन्या स्लॉटमध्ये लक्षणीय मंदावतात.

वीजपुरवठा

कार्डला स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५, तर आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट मिळतात. जीफोर्स जीटीएक्स १६५० (२०१९) ची अनेक मॉडेल स्वतंत्र जोडणीशिवाय चालतात.

एसएमपीएसवर छापलेल्या एकूण वॅटपेक्षा त्याची १२ व्होल्टवरील क्षमता अधिक महत्त्वाची असते. उदाहरणार्थ, तेथे १६ अँपिअर लिहिले असल्यास १२ × १६ = १९२ वॅट मिळतात. प्रोसेसरला ९५ आणि कार्डला ११५ वॅट लागत असतील, तर एकूण गरज २१० वॅट होते. म्हणजे हा एसएमपीएस अपुरा आहे. साटा जोडणीची १२ व्होल्टवरील मर्यादा ५४ वॅट असल्यामुळे तिच्यावरून अडॅप्टर लावून कार्डला वीज देणे धोकादायक असते. तारा वितळू शकतात.

जागा

कॅबिनेटमधील मोकळी लांबी मोजून ती कार्डच्या लांबीशी ताडून पाहावी. कार्यालयांतून काढलेल्या लहान आकाराच्या संगणकांत अनेकदा कमी उंचीचेच कार्ड बसते. त्यांचा एसएमपीएस वेगळ्या घडणीचा असल्यास तो बदलणेही कठीण जाते. पेण, रोहे यांसारख्या कोकणातील दमट हवेच्या ठिकाणी स्लॉटमधील धूळ व गंजही पाहावा. बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप मदरबोर्डवरच जोडलेली असल्याने ती बदलता येत नाही.

बायोस, ड्रायव्हर आणि मॉनिटर

युईएफआय नसलेल्या जुन्या मदरबोर्डवर काही नवी कार्डे चित्र दाखवत नाहीत. बायोसची नवी आवृत्ती उपलब्ध असल्यास काही वेळा हा दोष दूर होतो. नव्या कार्डांचे ड्रायव्हर ६४ बिट कार्यप्रणालीसाठीच असतात. जुन्या मॉनिटरला केवळ व्हीजीए जोडणी असल्यास सक्रिय कन्व्हर्टर लागतो, कारण आजच्या कार्डांवर ती जोडणी नसते.

प्रोसेसरशी समतोल

प्रोसेसर मंद असल्यास वेगवान कार्ड काही काळ रिकामे राहते. खेळ चालू असताना विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर पूर्ण व्यग्र आणि सध्याचे कार्ड अर्धेच वापरात दिसत असेल, तर नव्या कार्डाने फारसा फरक पडत नाही. प्रोसेसरचा एकच गाभा पूर्ण व्यग्र असला तरी हीच स्थिती उद्भवते; म्हणून प्रत्येक गाभ्याचा वापर स्वतंत्रपणे पाहावा. अशा वेळी कार्डावरील खर्चाऐवजी प्रोसेसर आणि मदरबोर्ड बदलण्याचा विचार करणे हिताचे ठरते.